मोठी बातमी कोणती?

वर्ष सरत आले की वर्षभरातील घडामोडींचा आढावा छापण्याची वृत्तपत्रांची प्रथा जुनी आहे. आमच्या सुलतान बाजारातील घरी ही प्रथा अण्णा तोंडी पाळीत असत. ३१ डिसेंबरच्या रात्री जेवणे आटोपली म्हणजे ते आम्हा मुलांना ओसरीवर बसवून विचारीत, "सांगा, यंदा जगातली सर्वांत मोठी बातमी कोणती?" अण्णांचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात, अर्थात उर्दूतून झालेले. सकाळी 'सियासत' आणि पुण्या-मुंबईहून एकदोन दिवस उशिरा येणारे मराठी पत्र, दोन्ही ते सारख्याच तन्मयतेने वाचीत. त्यांच्या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर वर्षभर कान उघडे ठेवणे भाग होते.

१९५६ च्या अखेरीस त्यांनी हाच प्रश्न विचारला. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या वर्षाला आता सत्तर वर्षे होत आली. परंतु त्या रात्री दिलेली उत्तरे मनातून जात नाहीत. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा लेख.

ते वर्षच असे होते की कशाला मोठे म्हणावे याचा संभ्रम पडावा. जानेवारीच्या पहिल्याच दिवशी सुदान स्वतंत्र झाला. मार्चमध्ये मोरोक्को व ट्युनिशिया यांनी तीच वाट धरली. फेब्रुवारीत मॉस्को येथे कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात क्रुश्चेव्ह यांनी स्टालिनची कृष्णकृत्ये बंद दाराआड सांगितली आणि काही महिन्यांतच ती जगजाहीर झाली. २६ जुलैला नासर यांनी सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑगस्टमध्ये तुर्भे येथे 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. मग ऑक्टोबर उजाडला आणि बातम्यांना उसंतच उरली नाही. २३ तारखेला बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर आले. २९ ला इस्रायलचे सैन्य सिनाईत शिरले. ३१ ला ब्रिटिश व फ्रेंच विमानांनी इजिप्तवर बाँबफेक आरंभिली. आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनी बुडापेस्ट चिरडले. पुढे सुमारे दोन लाख हंगेरियन देशोधडीला लागले.

आमच्या ओसरीवर यावरून वाद झडत. शेजारचे वकीलसाहेब अण्णांना 'रावसाब' म्हणत. इजिप्तच्या बाजूने दोघांचेही एकमत होते. पंडित नेहरूंनी त्या आक्रमणाचा ताबडतोब व स्पष्ट निषेध केला याचा दोघांनाही अभिमान होता. हंगेरीवर मात्र तंटा होई. संयुक्त राष्ट्रांत ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, हे अण्णांना रुचले नव्हते. जयप्रकाशांनी त्याबद्दल सरकारवर उघड टीका केली, तेव्हा "लंडनचा अन्याय दिसतो आणि मॉस्कोचा दिसत नाही, हा कसला न्याय?" असे ते म्हणाले. वकीलसाहेब हसून म्हणत, "रावसाब, मुल्क नया है, ज़रा संभलके चलना पड़ता." पुष्कळ वर्षांनी मला कळले की दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. अण्णांचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

आता गंमत अशी की, ज्या आठवड्यात आम्ही पोर्ट सैद आणि बुडापेस्ट नकाशात शोधीत होतो, त्याच आठवड्यात आमच्या पायाखालचा नकाशा बदलत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. तेलंगण आंध्रात मिळून आंध्र प्रदेश झाला; त्या वेळचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले; बीदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे गेले. निजामांचे राजप्रमुखपद संपुष्टात आले. नव्या राज्याच्या उद्घाटनासाठी स्वतः नेहरू हैदराबादला आले होते. दिवस ऐन दिवाळीचे होते.

मराठवाडा मराठी राज्याच्या दिशेने एक पाऊल पुढे गेला याचा आनंद खराच होता. मुंबईसाठी त्याच वर्षी जानेवारीत माणसांनी गोळ्या खाल्ल्या होत्या; चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले होते. आपली माणसे एका छत्राखाली यावीत, ही इच्छा हैदराबादच्या मराठी घरांतही कमी नव्हती. परंतु त्या इच्छेची किंमत याच घरांनी मोजावयाची होती. काल आपण राज्याच्या तीन प्रमुख भाषिकांपैकी एक होतो. आज या शहरातले अल्पसंख्य झालो. नोकरदारांची वाटणी झाली. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे विद्वान अधिकारी मुंबई राज्याकडे गेले. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरला त्यांचा लाभ झाला, आपल्याला त्यांची उणीव. मराठवाड्यातली जी मुले उस्मानियाच्या पदवीसाठी या शहराकडे पाहत, त्यांच्यासाठी १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. ते व्हावयास हवेच होते. पण त्यामुळे हैदराबादकडे येणारा एक मराठी ओघ आटला, हेही खरे.

आमचे काका सचिवालयात होते. त्यांची नेमणूक मराठवाड्यात झाली. अण्णा शिक्षक, त्यांची शाळा, घर आणि सारा गोतावळा इथलाच. ते राहिले. काचीगुड्याच्या स्थानकावर मनमाडकडे जाणाऱ्या छोट्या रुळांच्या गाडीत काका, काकू आणि माझी दोन चुलत भावंडे बसली. आजी स्थानकावर आली नव्हती. भांडी वाटून झाली, देव कोणाकडे ठेवावयाचे यावर थोडी कुजबुज झाली, आणि अखेर देव इथेच राहिले.

तेव्हा त्या ३१ डिसेंबरला थोरल्या दादाने "सुवेझ" असे उत्तर दिले. मी "मेलबर्न" म्हणालो. मला त्याची लाज वाटत नाही. त्या ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक तर मिळालेच. पण फुटबॉलमध्ये भारत चौथा आला आणि त्या संघाचे गुरू होते आपल्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पहिल्या फेरीत गाठ हंगेरीशी पडावयाची होती. तो संघ उतरलाच नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. जगाच्या बातम्या एकमेकींत अशा गुंतलेल्या असतात. आजीला कोणी विचारले नव्हते, तरी ती माजघरातून म्हणाली, "माझा धाकटा गाडीत बसून गेला, ती मोठी बातमी." यावर अण्णा काही बोलले नाहीत.

त्या रात्रीच्या उत्तरांत एक उत्तर नव्हते, आणि सत्तर वर्षांनी मला बोलावयाचे आहे ते त्याविषयीच. १४ ऑक्टोबरला दसरा होता. आम्ही आपट्याची पाने वाटीत हिंडत होतो, त्याच दिवशी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. आमच्या घरी या दोन्ही बातम्या वाचल्या गेल्या आणि पान उलटले गेले. बाबासाहेब आम्हांला परके नव्हते. उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली त्यांना सन्मानाची पदवी दिली होती. अण्णा तर त्याच विद्यापीठाचे. औरंगाबादेत १९५० साली त्यांच्या संस्थेने काढलेले महाविद्यालय तेव्हाच्या हैदराबाद राज्यातच होते. दूरच्या बुडापेस्टसाठी आमची ओसरी रात्र रात्र जागली. आपल्याच भाषेतल्या, आपल्याच गावकुसाबाहेरच्या माणसांनी शतकांचे जोखड एका दिवसात झुगारले, त्यावर तासभरही बोलणे झाले नाही.

अण्णा अन्यायाची चीड असलेले गृहस्थ होते, यात संशय नाही. म्हणूनच हे नमूद करावेसे वाटते. मॉस्कोचा अन्याय न दिसणाऱ्यांना त्यांनी जो प्रश्न विचारला, तोच आमच्या ओसरीलाही विचारता आला असता; विचारणारे मात्र तिथे कोणी नव्हते. ओसरीवर कोणाला बसण्याची मुभा आहे, यावर मोठी बातमी कोणती हे ठरते. आजीचे उत्तर माजघरातून आले ते त्यामुळेच. त्याच वर्षीच्या जून महिन्यात हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या मिळकतीत वारसहक्क दिला; ओसरीवर त्याचाही उल्लेख झाल्याचे मला आठवत नाही.

आज मागे वळून पाहता हिशेब निराळाच लागतो. सुवेझ प्रकरणाने ब्रिटिश साम्राज्याचा उरलासुरला दरारा संपला. बुडापेस्टचे रणगाडे आले तसे १९९१ साली परतही गेले. १९५६ साली जोडलेला आंध्र प्रदेश २०१४ साली पुन्हा दुभंगला. पण त्या दसऱ्याला नागपुरात पडलेले पाऊल मागे फिरले नाही. लाखो मराठी माणसांच्या घरात कालगणना तेथून सुरू होते. आणि आमच्यापुरते बोलावयाचे तर आजीची बातमीही खरी ठरली. मनमाडच्या गाडीने दूर गेलेली दोन घरे लग्नकार्याला भेटत राहिली. पुढच्या पिढीत पत्रे थांबली, आणि आता नातवंडे एकमेकांना ओळखतही नाहीत.

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना म्हणून माझी एक विनंती आहे. कपाटांत, माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी त्या वर्षाची पत्रे, बदलीचे हुकूम, जमाखर्चाच्या वह्या अजून असतील. घर विकताना त्या रद्दीत जातात. तसे होण्यापूर्वी त्या वाचा, आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थेला दाखवा. जगाच्या घडामोडी पुस्तकांत सापडतील. काचीगुड्याच्या फलाटावर कोण कोणाला सोडावयास गेले, हे कोठेही छापलेले नाही. आणि नातवंडांना वर्षाचा आढावा विचाराल तेव्हा घरातल्या सर्वांना विचारा. घरी कामाला येणाऱ्या बाईलाही विचारा. तिचे उत्तर आपल्या उत्तराहून वेगळे आले, तर तिचे आधी लिहून ठेवा.