वारा कुणाच्या मालकीचा?

इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगण्यात बरी सेंट एडमंड्स नावाचे गाव आहे. तेथे एका ख्रिस्ती मठाचे भग्न अवशेष उभे आहेत. ८६९ साली डेन लोकांनी मारलेल्या एडमंड राजाला लोक संत मानू लागले. त्याची समाधी येथे होती. १०२० साली कन्यूट राजाने (तो स्वतः डेनच!) येथे बेनेडिक्ट पंथाचे संन्यासी आणून बसवले. स्वतःची म्हणून एकही वस्तू बाळगू नये, असा त्यांचा नियम. संन्याशाकडे काही नव्हते खरे, पण मठाकडे अख्खे गाव होते! जमीन, बाजार, न्यायनिवाडा, गिरण्या, सारे मठाचे.

हे आम्ही मनाचे सांगत नाही. त्याच मठातल्या जोसेलिन नावाच्या संन्याशाने बाराव्या शतकाच्या अखेरचा कारभार लिहून ठेवला आहे. आमचा जन्म खतावण्या लिहिण्यात गेला, म्हणून आमचे लक्ष आधी वसुलीकडे गेले. कापणीला मठाच्या शेतात राबायचे, ही जुनी रीत. पुढे त्याऐवजी घरटी एक पेनी ठरली. श्रीमंतांना मठाचा कोठारी सूट देई. गरिबाच्या दारात मात्र जप्ती! चुलीवरची तिवई उचल, भांडे उचल, नाहीतर दाराची फळीच काढून ने. म्हाताऱ्या बाया सूत कातायच्या काठ्या उगारून, शिव्या देत त्याच्या माणसांवर धावून येत. शेवटी कोठाऱ्यालाच ते अपमानास्पद वाटू लागले आणि गावाकडून वर्षाला एकरकमी २० शिलिंग, म्हणजे २४० पेनी, घ्यायचे ठरले. वाचकहो, ही सुटका त्या म्हाताऱ्यांची कमाई! त्यांची नावे जोसेलिनने लिहिली नाहीत.

११९१ च्या सुमारास हर्बर्ट नावाच्या म्हाताऱ्या धर्मगुरूने पवनचक्की उभारली. मठाधिपती सॅमसन संतापला. वारा तर सर्वांचाच आहे, मी फक्त माझे धान्य दळीन, असे हर्बर्टने परोपरीने सांगितले. पण गावकरी तिकडे दळायला गेले तर मठाच्या गिरण्यांचे काय? चक्की पडेपर्यंत जेवणार नाही, असे सॅमसनने बजावले. मठाची माणसे पोचण्याआधीच हर्बर्टने ती स्वतः उतरवली.

१३२७ साली गावकऱ्यांनी मठ फोडला व हक्कांची सनद लिहून घेतली. ती टिकली नाही. आज दिसतो तो भव्य दरवाजा त्या दंगलीनंतरचा. १३८१ च्या शेतकरी उठावात मठातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याचे, प्रायरचे, डोके उडवले गेले. रक्तपाताचे समर्थन आम्ही करीत नाही, पण त्या दाराच्या फळ्या आठवल्यावाचून राहत नाहीत.

१५३९ साली आठव्या हेन्री राजाने मठ बंद केला. संपत्ती राजाकडे गेली, गावाकडे नव्हे. गावाला स्वतःचा कारभार मिळायला १६०६ साल उजाडले. तोवर मठाचे घडीव दगड लोकांनी बांधकामाला नेले होते. आत उरला गारगोट्या आणि चुन्याचा गाभा. मंदिराच्या पश्चिम भिंतीच्या त्या गाभ्यातच पुढे लोकांनी घरे बांधली. त्या घरांना आज दारे आहेत, खिडक्या आहेत.