खिडकी अर्धीच का उघडते?

आमच्या शेजारच्या गल्लीत एक ताई घरबसल्या टायपिंगची कामे करतात. त्यांचे वडील कचेरीबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसत. बोटांचा वेग ताईंना तिथूनच मिळाला. आता घरात एक जुना विकत घेतलेला लॅपटॉप आणि छोटा प्रिंटर आहे. अर्ज, शपथपत्रे, कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प, लग्नपत्रिकेचा मजकूर, जे येईल ते पानामागे पैसे घेऊन त्या करून देतात. दहावी-बारावीचे निकाल लागले की त्यांच्या दारात चपलांचा ढीग असतो. प्रवेशासाठी जात पडताळणीची कागदपत्रे हवी असतात, आणि वंशावळीचे शपथपत्र चूक न करता टाइप करून देणारे माणूस गल्लीतच असले तर शहराची बस कोण पकडणार?

अशा ऐन गर्दीत एके दिवशी सकाळीच त्या आमच्याकडे आल्या. "जय भीम, भाऊ. लॅपटॉपमधल्या सगळ्या फायली दुसरीकडे कशा काढायच्या ते सांगाल का? फॉरमॅट मारायला द्यायचा आहे."

कारण विचारले तेव्हा कळले, की तीन दिवसांपासून वर्डची खिडकी धड उघडत नाही. उघडते ती पडद्याच्या उजव्या कडेला, आणि पानाचा डावा थोडा भागच दिसतो. वरची तीन बटणे, म्हणजे खाली बसवायचे, मोठे करायचे आणि बंद करायचे, कडेपलीकडे गेलेली. वरच्या पट्टीवर दोनदा क्लिक केले की खिडकी मोठी व्हायच्या ऐवजी नाहीशीच होते. दुरुस्तीच्या दुकानात फोन केला तर पलीकडच्याने मशीन न बघताच निदान केले : व्हायरस आहे, फॉरमॅट मारावे लागेल, दीड हजार रुपये होतील, उद्या घेऊन या.

आम्ही काही संगणकाचे इंजिनिअर नव्हे. पण फॉरमॅट हा शब्द आम्ही इतक्या घरांत ऐकला आहे, की तो ऐकला की आम्ही आधी खुर्ची ओढून बसतो. फॉरमॅट म्हणजे डिस्कवरचे सगळे पुसून विंडोज नव्याने टाकणे. डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमधली कामे बहुधा त्याच डिस्कवर असतात, तीही जातात. मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर, त्याचे फाँट, प्रिंटरची जोडणी, सगळे परत बसवावे लागते. ताईंच्या मशीनमध्ये दोन वर्षांची शपथपत्रे होती. जुना मसुदा काढायचा आणि नावे बदलून नवा करायचा, यावरच त्यांचा वेग चालतो. त्या फायली गेल्या असत्या तर दीड हजार हा खर्चाचा लहान भाग ठरला असता.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. टेबलावर लॅपटॉप, मागे भिंतीवर टीव्ही. आम्ही सहज माऊस उजवीकडे सरकवला, तर बाण पडद्याच्या कडेला अडला नाही, कडेतून निघूनच गेला. डावीकडे आणला तेव्हा परत दिसला. यातच उत्तर होते. लॅपटॉपच्या मागून एक जाड काळी वायर टीव्हीकडे गेली होती. मुलाने क्रिकेटचा सामना मोठ्या पडद्यावर बघण्यासाठी ती जोडली होती आणि तशीच राहिली होती. आम्ही टीव्ही लावायला सांगितला आणि रिमोटने त्या वायरीची जागा निवडली. टीव्हीवर ताईंच्या शपथपत्राचा उरलेला भाग झळकत होता, वर ती हरवलेली तीन बटणेही! मुलगा हसू लागला, आणि ताईंनी त्याला रागाने नुसते पाहिले.

झाले होते ते असे. लॅपटॉपला दुसरा पडदा जोडला की विंडोज दोन्ही मिळून एक लांब पडदा धरू शकते. याला 'एक्सटेंड' म्हणतात. टीव्ही बघायचा बंद केला तरी वायर जोडलेली असेल तर पुष्कळ टीव्हींच्या बाबतीत मशीनला दुसरा पडदा आहेच असे वाटत राहते. सामन्याच्या वेळी मुलाने वर्डची खिडकी बाजूला सारली, ती दोन्ही पडद्यांच्या सीमेवर थांबली आणि तिथेच बंद झाली. वर्ड आपली शेवटची जागा आणि आकार लक्षात ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी तो तिथेच उघडला. आणि मोठी करायला सांगितली की खिडकी ज्या पडद्यावर तिचा जास्त भाग आहे त्याच पडद्यावर पसरते. इथे तो पडदा होता टीव्ही. नाहीशी होत होती ती यामुळे. व्हायरसचा काही संबंध नव्हता.

उपाय अर्ध्या मिनिटाचा निघाला. कीबोर्डवर खिडकीचे चित्र असलेली कळ असते, ती विंडोजची कळ. ती दाबून धरून पी दाबले की कोणत्या पडद्यावर दाखवायचे ते विचारणारी पट्टी येते. तिच्यात 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडले, आणि वर्ड लॅपटॉपवर परत आला. मग विंडोजची कळ आणि वरचा बाण, की खिडकी पूर्ण पसरली. दोन्ही पडदे चालू ठेवायचे असतील तर विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबावा. खिडकी उचलून दुसऱ्या पडद्यावर जाते.

सगळ्यांच्या घरी टीव्हीची वायर असेलच असे नाही. म्हणून आमच्या अनुभवातली बाकीची कारणेही सांगतो.

सर्वांत आधी वरच्या तीन बटणांपैकी मधले बघावे. त्यावर एकच चौकोन दिसत असेल तर खिडकी मोठी केलेलीच नाही. एकमेकांवर ठेवलेले दोन चौकोन दिसत असतील तर मशीनच्या हिशेबाने ती पूर्ण मोठी आहे. पुढचा रस्ता यावरच ठरतो, आणि दुकानात हेच कोणी विचारत नाही.

एक चौकोन असेल आणि वर्ड रोज लहानच उघडत असेल, तर तो शेवटच्या वेळी लहान असतानाच बंद झालेला असतो. वर्डमधल्या बाकी सगळ्या फायली बंद कराव्यात, एकच उरू द्यावी, तिची खिडकी मोठी करावी आणि तशीच बंद करावी. पुष्कळदा एवढ्यावर भागते. दुसरी सोय अशी, की डेस्कटॉपवरच्या वर्डच्या चित्रावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावे आणि 'रन' या शब्दापुढे 'मॅक्सिमाइज्ड' निवडावे. मात्र ही सोय त्या चित्रावरून वर्ड उघडला तरच लागू पडते. फाइलवर क्लिक करून उघडला तर नाही. हे ठाऊक नसल्यामुळे एका शिक्षक मित्राने आमच्याशी आठवडाभर वाद घातला होता.

बटणे पडद्याबाहेर असतील आणि माऊस तिथवर पोचत नसेल तर आल्ट कळ धरून स्पेसबार दाबावा. एक छोटी यादी उघडते. तिच्यात 'मूव्ह' निवडून बाणाच्या कळांनी खिडकी ओढून आणता येते. 'मूव्ह' पुसट दिसत असेल तर आधी 'रिस्टोअर' निवडावे, कारण पूर्ण पसरलेली खिडकी या मार्गाने हलत नाही.

दोन चौकोन दिसत असूनही कडेला पट्टा उरत असेल किंवा खालचा भाग टास्कबारच्या मागे जात असेल, तर दोष वर्डचा नसून पडद्याच्या मापाचा असण्याचा संभव जास्त. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवे क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जावे. तिथे रिझोल्यूशन आणि स्केल या दोन्हींपुढे मशीनने स्वतः सुचवलेले माप 'रेकमेंडेड' म्हणून लिहिलेले असते, ते ठेवावे. ज्यांना दोन पडदे रोज लागतात त्यांच्यासाठी वर्डमध्येही एक जागा आहे. फाइल, ऑप्शन्स, जनरल इथे एकापेक्षा जास्त पडद्यांसाठी 'ऑप्टिमाइज फॉर कंपॅटिबिलिटी' असा पर्याय मिळतो. तो निवडल्यावर वर्ड बंद करून पुन्हा उघडावा लागतो.

एवढे करूनही खिडकी ऐकत नसेल तर कंट्रोल कळ दाबून धरून वर्ड उघडावा. सेफ मोडमध्ये उघडू का, असे तो विचारतो. हो म्हणावे. सेफ मोडमध्ये खिडकी नीट वागली तर वर्डला बाहेरून जोडलेले एखादे ॲड-इन खोडी करते आहे असे समजावे. ऑप्शन्समधल्या ॲड-इन्समध्ये जाऊन ती एकेक बंद करून बघावीत. याच्या पुढची पायरी रजिस्ट्रीची आहे. वर्ड आपल्या सवयी तिथे 'डेटा' नावाच्या कप्प्यात ठेवतो आणि तो कप्पा काढला तर वर्ड नवा बनवतो. पण रजिस्ट्रीत चुकीच्या जागी हात लागला तर मोठे नुकसान होते. ते काम जाणत्या माणसाला समोर बसवून, आधी प्रत काढूनच करावे.

एक गैरसमजही दूर करायला हवा. ताईंना भीती होती की खिडकी अर्धी आहे तर छापून आलेले पानही अर्धे येईल, म्हणून तीन दिवस त्यांनी एकही शपथपत्र छापले नव्हते. खिडकीचा आकार, अक्षर मोठे दिसण्यासाठीचा झूम आणि कागदाचे माप या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. छपाई कागदाच्या मापाप्रमाणे होते. फक्त 'वेब लेआउट' चालू असेल तर ओळी खिडकीच्या रुंदीप्रमाणे तुटलेल्या दिसतात आणि समास बिघडल्यासारखे वाटते. 'प्रिंट लेआउट' निवडले की पान जसे छापले जाणार तसे दिसते.

ज्यांनी वर्ड ९७ वर हात बसवला त्यांना आठवेल, तेव्हा एका मोठ्या खिडकीच्या आत फाइलची वेगळी खिडकी असे आणि बटणांच्या दोन रांगा असत. बाहेरची मोठी केली तरी आतली लहानच राही. वर्ड २००० पासून प्रत्येक फाइलला स्वतंत्र खिडकी मिळाली. पण जुन्या सवयीचे लोक अजून ती दुसरी रांग शोधताना आम्ही पाहिले आहेत. आम्हीही त्यांतलेच.

ताईंनी त्या रात्री अकरापर्यंत बसून अडकलेली सगळी शपथपत्रे छापली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन त्या पुन्हा आमच्या दारात. फॉरमॅट टळले तरी फायलींची प्रत काढून ठेवायचीच, असे त्यांनी ठरवले होते. दुकानाचा फोन परत आला तेव्हा टीव्हीची वायर काढल्याचे त्यांनी सांगितले. पलीकडचा म्हणे जरा वेळ काहीच बोलला नाही.

याच तऱ्हेची अडचण कोणाला आली तर आम्हाला पत्र लिहावे. विंडोज कोणते, वर्ड कोणत्या सालचा, लॅपटॉपला आणखी कोणती वायर जोडली आहे आणि मधल्या बटणावर चौकोन एक दिसतो की दोन, एवढे तरी त्यात असू द्यावे.