माइनक्राफ्टमध्ये तहान लागत नाही

एप्रिल-मे महिन्यांत सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दोन तक्रारी हमखास वाढतात. एक उन्हाची, दुसरी मोबाइलची. बऱ्याचदा दोन्ही एकाच मुलाच्या केसपेपरवर असतात. डोकं दुखतं, नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही, चिडचिड करतो, असं सगळं सांगून झालं की आई किंवा आजी मूळ मुद्द्यावर येते, "दिवसभर त्या मोबाइलात ठोकळे फोडत बसतो, डॉक्टर. तुम्हीच सांगा त्याला."

हे ठोकळे म्हणजे माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रॅमरने हा गेम २००९ मध्ये बनवायला घेतला, नोव्हेंबर २०११ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. आजवर त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. आपल्याकडची पुष्कळ मुलं मूळ गेमऐवजी त्याच्या मोफत नकला खेळतात आणि त्यात जाहिरातींचा भडिमार असतो, हा भाग वेगळा.

गेममधलं जग चौकोनी ठोकळ्यांचं आहे. माती, दगड, लाकूड फोडायचं, गोळा करायचं आणि त्यातून घर, अवजारं, शेत उभं करायचं. 'क्रिएटिव्ह' प्रकारात भूक नाही, मरण नाही आणि सामान हवं तेवढं. 'सर्व्हायव्हल' म्हणजे तगून राहण्याच्या प्रकारात मात्र रिकाम्या हाताने सुरुवात होते आणि अंधार पडायच्या आत निवारा शोधावा लागतो. पडद्याच्या खालच्या बाजूला दहा हृदयं दिसतात, तो आपला जीव. शेजारी तंगडीची दहा चित्रं असतात, ती आपली भूक.

माझं मत आधीच सांगतो. या गेमवर सरसकट बंदी घालून काही साधणार नाही. बीडसारख्या जिल्ह्यात तर ते शक्यही नाही. दसरा-दिवाळी झाली की इथून लाखो मजूर ऊसतोडीला बाहेर पडतात. मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. चार-पाच महिने त्यांना आई-बापाचं तोंड दिसतं ते व्हिडिओ कॉलवर. त्या घरात मोबाइल काढून घेणं म्हणजे आईच काढून घेणं. म्हणून मोबाइल राहणार हे धरून चालू आणि त्यावर मूल जे खेळतं ते समजून घेऊ. या गेममधली तगून राहण्याची रचना आरोग्याच्या दृष्टीने बरीचशी शहाणी आहे. पण तिच्यात काही मोठ्या उणिवा आहेत आणि त्या घरच्यांनीच भरून काढायला हव्यात.

आधी शहाणपण पाहू. सुरुवातीच्या आवृत्त्यांत भूक हा प्रकारच नव्हता. काही खाल्लं की लगेच हृदयं भरायची. ओपीडीत रोज ऐकू येणाऱ्या "एक सलाईन लावा डॉक्टर, म्हणजे तरतरी येईल" या मागणीसारखंच ते होतं. सप्टेंबर २०११ मधल्या बदलात भुकेची पट्टी आली. आता अन्नाने आधी पोट भरतं. दहापैकी किमान नऊ तंगड्या भरलेल्या असतील तरच जखमा हळूहळू भरतात, आणि त्या भरताना पोटातलं अन्न खर्च होतं. भूक तीन तंगड्यांवर आली की धावता येत नाही. आजारातून उठायला औषधाइतकंच अन्न लागतं, हे याहून सोप्या रीतीने दहा वर्षांच्या मुलाला कोणी शिकवलं असेल असं मला वाटत नाही. क्षयरोगाच्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेतून सरकार उपचार चालू असेपर्यंत पैसे देतं, तेही याच कारणासाठी.

या पट्टीमागे आणखी एक आकडा दडलेला असतो. खाल्लेलं अन्न किती वेळ टिकणार हे तो ठरवतो. बिस्किट खाल्लं तर एक तंगडी भरते, पण टिकाव जवळपास शून्य. भाजलेला बटाटा किंवा पाव खाल्ला तर अडीच तंगड्या भरतात आणि बराच वेळ उतरत नाहीत. खेळात मुरलेली मुलं बिस्किटांच्या नादी लागत नाहीत. तीच मुलं दुपारी पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट खाऊन "भूक नाही" म्हणतात आणि संध्याकाळी गळून जातात. त्यांना कॅलरी आणि प्रथिनं समजावण्यापेक्षा "पाकीट म्हणजे तुझं गेममधलं बिस्किट आणि भाकरी-पिठलं म्हणजे टिकणारं जेवण" एवढं सांगितलं तरी पुरतं. कच्चं चिकन खाल्लं तर गेममध्ये दहापैकी तीनदा पोट बिघडून भूक भराभर उतरते, हेही बरोबरच आहे.

झोपेची गोष्ट तर फारच बोलकी आहे. गेममध्ये पलंगावर झोपलं की रात्र सरते. २०१८ पासून त्यात 'फँटम' नावाचे उडते राक्षस आले. गेममधले तीन दिवस जो झोपत नाही, त्याच्यावर ते रात्री आकाशातून तुटून पडतात. जागरणाची शिक्षा गेमनेच ठरवून दिली आहे. आणि गंमत अशी, की हे फँटम टाळण्यासाठी आपल्या खेळाडूला वेळेवर झोपवणारा मुलगा स्वतः रात्री एक वाजता पांघरुणाखाली जागा असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. ती कमी पडली की सकाळचं डोकं दुखणं, वर्गातली पेंग, चिडचिड, हट्ट हे सगळं सुरू होतं. त्यासाठी मेंदूचा फोटो काढायची गरज बहुतेक वेळा नसते.

आता उणिवांकडे येऊ. पहिली आणि आपल्या भागासाठी सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे या गेममध्ये तहान नाही. वाळवंटात भर दुपारी दिवसभर धावलं तरी खेळाडूला ऊन लागत नाही. भुसभुशीत बर्फात अडकला तर तो गारठतो, पण उन्हाने त्याला काही होत नाही. पाणी पिण्याची पट्टीच नाही. खेळ म्हणून हा निर्णय समजण्यासारखा आहे, कारण आणखी एक पट्टी म्हणजे आणखी एक कटकट. पण पत्र्याच्या खोलीत, मे महिन्यात, त्याच पडद्याकडे चार तास बघणाऱ्या मुलाच्या शरीरात ती पट्टी असते आणि ती उतरत असते. रंगात आलेल्या मुलाला तहान जाणवत नाही. जाणवली तरी "हे एवढं झालं की उठतो" म्हणून तो ती पुढे ढकलतो.

ही न दिसणारी पट्टी वाचायला आई-आजीने शिकायचं. सकाळपासून लघवीला गेला नाही, किंवा लघवी गडद पिवळी होते, तोंड कोरडं आहे, डोकं दुखतंय, विनाकारण चिडतोय, तर आधी पाणी द्या. ताक, लिंबू सरबत, चिमूटभर मीठ घातलेलं पन्हं यांपैकी काहीही चालेल. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएस द्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढंच घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सपाट सहा चहाचे चमचे आणि मीठ सपाट अर्धा चमचा घाला. अंग तापलंय, मूल बरळतंय किंवा ग्लानीत आहे, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

दुसरी उणीव दुधाची. गेममध्ये विषबाधा झाली तर बादलीभर दूध प्यायलं की विष उतरतं. हा समज गेमच्या आधीपासून आपल्या गावांत आहे आणि तो घातक आहे. फवारणीचं औषध किंवा रॉकेल पोटात गेलेल्याला दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका, उलटी करवू नका. औषधाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा. गेम खेळणाऱ्या मुलाला हे मुद्दाम सांगा. शेतकऱ्याच्या घरात कधीतरी तोच जवळ असतो.

तिसरी उणीव पाण्याची, पण वेगळ्या अर्थाने. गेममध्ये दोन बाय दोनचा खड्डा खणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतलं की तो कधीच आटत नाही. पाण्याचा एक ठोकळा चारही बाजूंची चार-चार ठोकळे जमीन ओली ठेवतो. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या मुलांना हे स्वर्गासारखं वाटत असेल. त्यांना एकदा बीडजवळची सोळाव्या शतकातली खजाना विहीर दाखवा. जमिनीखालच्या बोगद्यांतून पाणी शेतापर्यंत नेण्यासाठी किती डोकं आणि किती घाम लागला ते दाखवा. मग तशी विहीर गेममध्ये बांधायला सांगा. खेळाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

चौथी उणीव वेळेची. हा गेम संपत नाही. शेवटी एक ड्रॅगन मारायचा असतो, पण तो मारलाच पाहिजे असं नाही आणि मारल्यावरही खेळ चालूच राहतो. त्यात यूट्यूबवरच्या 'शंभर दिवस तगून दाखवा' या आव्हानांची भर. त्यातला 'हार्डकोर' प्रकार म्हणजे एकच जीव, मेलात की संपलं. गेममधला एक दिवस-रात्र २० मिनिटांचा असतो. म्हणजे शंभर दिवस झाले ३३ तास. रोज पलंगावर झोपून रात्र टाळली तरी सतरा-अठरा तास जातातच. व्हिडिओत ते काटछाट करून तास-दीड तासात दिसतात. मुलाला वाटतं, आपणही दोन दिवसांत करू. जेवणाची हाक आली की तो का खवळतो, याचं एक उत्तर इथे आहे.

खेळ आवडणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि साधारण वर्षभर हे चालून शाळा, घर, मैत्री यांवर स्पष्ट परिणाम होणं. तसं वाटलं तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा किंवा १४४१६ या टेली मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण रोज तासभर ठोकळे रचणाऱ्या मुलाला 'व्यसनी' म्हणू नका.

त्याच्याशी व्यवहार गेमच्याच भाषेत करता येतो. "बस झालं आता, बंद कर" यापेक्षा "पाच दिवस खेळ, पाचव्या संध्याकाळी पलंगावर झोप आणि बाहेर पड" हे त्याला पटतं. रोज रात्री झोपलं तर असे पाच दिवस तासाभराच्या आतच होतात. बाहेर पडताना जग जसंच्या तसं जपून ठेवलं जातं, त्यामुळे रडण्याचं कारण उरत नाही. एकच जीव असलेला प्रकार आणि अनोळखी लोकांसोबतचा खेळ लहान मुलांसाठी नको. खेळताना शेजारी पाण्याचा तांब्या असावा. गेममध्ये सकाळ झाली की दोन घोट पाणी, असा नियम घाला. आणि रात्री झोपताना मोबाइल मोठ्यांच्या उशाशी, मुलाच्या नाही.

आजीला गेम कळत नाही म्हणून तिने गप्प बसायचं कारण नाही. भूक, पाणी, झोप आणि दिवेलागणीला घरात येणं, हे शास्त्र तिला पाठ आहे. नातवाजवळ बसून तिने एवढंच विचारावं, "तुझ्या माणसानं जेवण केलं, झोप घेतली. तू कधी घेणार?"