जुना ट्रॅक्टर, नवा रस्ता

अमरावतीकडे जुना ट्रॅक्टर विकत घ्यावा आणि बडनेरा, मूर्तिजापूर मागे टाकीत अकोल्याकडचे आपले गाव गाठावे, हा प्रवास वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी सणासारखा असतो. दारात नारळ फुटतो, बोनेटवर हळदकुंकू चढते. या आनंदाला कोण नावे ठेवील? परंतु नारळ फुटण्यापूर्वीच्या चार-पाच तासांचा विचार फारसा होत नाही, याचा खेद वाटतो.

हा रस्ता आता पूर्वीचा राहिलेला नाही. जून २०२२ मध्ये लोणी ते माना यांदरम्यान ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत अंथरली गेली आणि त्या विक्रमाची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला. जुन्या ट्रॅक्टरची चाल मात्र तीच राहिली. त्याचा मागचा दिवा बंद असेल, तर अंधारात भरधाव येणाऱ्यास तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शेतात वळण घेण्यासाठी सुटे ठेवलेले ब्रेकचे दोन पेडल रस्त्यावर एकत्र जोडले नाहीत, तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटू शकतो.

याहून उपेक्षित गोष्ट कागदाची. पैसे मोजले, किल्ली घेतली की सौदा संपला, असे आपण मानतो. कायदा तसे मानीत नाही. परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक, असा निर्णय नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. म्हणजे अपघात मूर्तिजापूरजवळ व्हावा, विम्याची मुदत संपलेली असावी, आणि भरपाईचा बोजा मात्र ट्रॅक्टर विकून कर्ज फेडणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यावर पडावा! विकणाऱ्याने १४ व घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतर कळवावे, असे मोटार वाहन कायदा सांगतो, तो याचसाठी.

पेरणी तोंडावर असताना कचेरीत खेटे घालण्यास सवड कोठून आणावी, हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच हे काम घरातील लिहित्यावाचत्यांचे आहे. शिक्षकाने, कारकुनाने, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने नमुना २९ व ३० भरून द्यावा, विम्याची तारीख वाचावी, आणि ट्रॅक्टर दिवसाउजेडीच हलविण्याचा आग्रह धरावा. वडिलांच्या आयुष्याची कमाई रस्त्यावर उतरत असताना शिकलेल्या मुलाने एवढेही करू नये काय?