जंतूंचे गोत्र आणि शेतकऱ्याची पत

ज्वारीचे वाण कणसावरून ओळखता येते. रोगजंतूंचे वाण तसे डोळ्यांना दिसत नाही. एकाच जातीच्या जंतूंत काही वाण निरुपद्रवी, तर काही प्राणघातक असतात. त्यांचे गोत्र ठरवावयाचे तर त्यांच्यातील आनुवंशिक द्रव्याची मांडणी वाचून पाहावी लागते. दोन देशांतील रोग्यांकडून मिळालेल्या जंतूंची मांडणी जवळजवळ एकच निघाली, तर त्यांचे मूळ अलीकडच्या काळात एकच असावे, असे अनुमान निघते. हे शास्त्र प्रयोगशाळेपुरतेच आहे असे समजणे चुकीचे होय. शेतकऱ्याच्या नावलौकिकाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

इ. स. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्तातिसाराची साथ उद्भवली. सुमारे ३,८०० लोक आजारी पडले. कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. प्रारंभी स्पेनमधील काकड्यांवर ठपका ठेवण्यात आला. त्यांवर जंतू सापडले होते हे खरे. परंतु ते साथीच्या वाणाचे नव्हते. हे उघड होईपर्यंत मागणी कोसळली होती. उत्पादकांना पुढे युरोपीय संघाने वीस कोटी युरोंहून अधिक साहाय्य दिले. जूनमध्ये फ्रान्समधील बोर्दोजवळ तशीच लागण झाली व तेथील जंतू जर्मनीतील वाणाचेच निघाले. दोन्हीकडील रोग्यांनी मोड आलेले बी खाल्ले होते. माग काढता काढता तपास इजिप्तहून आलेल्या मेथीच्या एका खेपेपर्यंत पोहोचला. बियांवर मात्र तो जंतू प्रत्यक्ष सापडला नाही.

म्हणजे जंतूंच्या नात्याने दोन साथी जोडल्या गेल्या. पण खेपेपर्यंतची वाट दाखविली ती खरेदीविक्रीच्या नोंदींनी. नोंदी ठेवणे हे व्यापाऱ्याचे काम, असे कित्येक शेतकरी म्हणतात. ते पुरतेपणी खरे नाही. संशय आला की तो प्रथम मालावर येतो, आणि नोंद नसलेल्या निर्दोष शेतकऱ्याला आपले निर्दोषत्व सिद्ध करणे कठीण जाते.

म्हणून मेथी, मूग, मटकी यांचे बी मोडांसाठी विकणाऱ्यांनी पिकास कच्चे शेण व सांडपाणी लागू देऊ नये. बी स्वच्छ जागी वाळवावे. जनावरे व उंदीर यांपासून जपावे. प्रत्येक खेप निराळी ठेवून पोत्यावर शेताची व काढणीच्या तारखेची चिठ्ठी लावावी. मोडांना लागणारी ऊब व ओल जंतूंनाही मानवते; यास्तव मोड कच्चे न खाता चांगले शिजवून खावेत, हेही गावोगावच्या विस्तार कार्यकर्त्यांनी घरोघर सांगावे. चिठ्ठीचा खर्च फारसा नाही. गेलेली पत मात्र पैशाने लवकर परत मिळत नाही.