वाघिणीच्या गळ्यातल्या बॅटरीचा हिशोब द्या!

पोस्ट जरा लांब आहे, पण विषय आपल्या जिल्ह्याचा आहे.

२० मे २०२३ ला ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. गळ्यात सॅटेलाइट कॉलर. फोटो झाले, बातम्या झाल्या. पण कॉलर किती वेळाने ठिकाण कळवते आणि हे कोण ठरवतं, ते कुणी विचारलं का?

कॉलर म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा संगणक. झोपेत तो जवळपास काहीच खात नाही. खरा खर्च उपग्रह शोधून ठिकाण काढण्यात आणि ते वर पाठवण्यात. दाट बांबूत उपग्रह लवकर सापडत नाहीत, म्हणजे खर्च आणखी वाढला. तासाला एक नोंद केली तर दिवसाला २४, चार तासांनी केली तर ६. बॅटरी तेवढीच.

"मोठी बॅटरी लावा ना भाऊ!" लावा, पण ते वजन जनावराच्या मानेवर येतं. म्हणून डोकं वापरावं लागतं.

टिपेश्वरच्या 'वॉकर' वाघाने २०१९-२० मध्ये सुमारे ३००० किमी पायपीट केली. तासातासाच्या नोंदींमुळेच ती कळली. पण दुपारभर सावलीत पडलेल्या वाघाची तासाला नोंद कशाला? आणि तोच वाघ रात्री साकोली-देवरी हायवेजवळ आला, तर एक तास म्हणजे फार उशीर! हालचाल ओळखणारे सेन्सर आहेत, नकाशावर हद्द आखून देता येते. आरामात असेल तर कमी नोंदी. हायवे, रेल्वे, गाव जवळ आलं की भराभर. आणि बॅटरीचा शेवटचा वाटा रेडिओ बीकनसाठी राखून ठेवा, म्हणजे अँटेना घेऊन तरी माग काढता येईल.

नागझिऱ्याचाच जय आठवा. एप्रिल २०१६ मध्ये कॉलर गप्प झाली, वाघ परत कुणाला दिसला नाही.

"शिकारी टपलेत, माहिती देता येत नाही," म्हणतात. मान्य! ठिकाण सांगूच नका. पण कोणत्या कॉलरची बॅटरी किती उरली, नोंदीचं वेळापत्रक काय, बॅटरी संपल्यावर माग कसा काढणार, एवढं तर दर महिन्याला सांगा. त्याने कोणता शिकारी शहाणा होणार आहे?

पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाईला आणि गुराख्याला वेळेवर निरोप पोचतो का, हे त्या वेळापत्रकावर ठरतं. ते कुठल्या तरी ऑफिसात, गावाला न विचारता ठरत असेल तर आम्हाला चालणार नाही.

पटलं तर ग्रामसभेत हा विषय मांडा. नाही पटलं तर खाली लिहा, वाद घालू.

#नवेगावनागझिरा #गोंदिया