कुष्ठाचा परवाना आणि वैद्यांचे मत

कुष्ठ हे चरकाचार्यांनी लेखनीय व शुक्रशोधन गणांत सांगितलेले द्रव्य. त्याचे ग्राह्य अंग मूळ. म्हणजेच औषध घेणे हे रोप उपटणे ठरते. हिमालयातील या वन्य वनस्पतीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८५ पासून कडक निर्बंध आहेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कुष्ठासारख्या विनिर्दिष्ट वनस्पती वनातून उपटण्यास मनाई असली, तरी शिक्षण व शास्त्रीय संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षक राज्य शासनाच्या पूर्वसंमतीने परवानगी देऊ शकतात. ही सवलत आम्हांस मान्य आहे. संशोधनावाचून लागवड व द्रव्यपरीक्षा पुढे जाणार नाही. तथापि अर्ज प्रसिद्ध करून लोकांची मते मागविण्याची तरतूद त्या कलमात नाही. अमेरिकेच्या १९७३ च्या संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यात अशा अर्जाची सूचना राजपत्रात छापून तीस दिवस लेखी मते घेतली जातात. किती मुळे, कोठून व कशासाठी काढणार, हे आपल्याकडेही आधी जाहीर व्हावे. लागवडीच्या मुळांवर भागणाऱ्या प्रयोगासाठी वन्य रोप का उपटावे, हा प्रश्न वैद्यच नेमका विचारू शकेल.

मात्र हा अधिकार मागताना आपले आचरणही निर्दोष हवे. कुष्ठ परवानाधारक विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन याच कायद्यात आहे. लाहौलमध्ये त्याची लागवड होते. खरेदीच्या वेळी परवाना व लागवडीचा दाखला न पाहणाऱ्याने संशोधकास जाब विचारणे शोभणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.